चुंबकसूचीचे राखणदार : नानाभाई मूस



गेल्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक मुलांची सहल घेऊन मोहर्लीला गेलो होतो. इरई धरणाच्या पाण्यालगतचे हे गाव म्हणजे ताडोबाच्या जंगलाचे दार. प्रवेशद्वाराशी आमचा नंबर लागण्याची वाट पाहत असताना आठवीतल्या एका मुलाने खिशातून लहानसे होकायंत्र काढले आणि उत्तर दिशा पाहण्यासाठी ते उभ्या जिप्सीच्या बॉनेटवर ठेवले. सुई भलतीकडेच वळून राहिली. तेच होकायंत्र घेऊन तो गाडीपासून दहा पावले दूर गेला व त्याने ते तळहातावर धरले, तेव्हा सुई पुन्हा मुकाट्याने उत्तरेला आली. मुलांची एकच गर्दी झाली आणि प्रश्न सुरू झाले.

त्या मुलाचे दोन प्रश्न मात्र माझ्या मनात घर करून राहिले. पहिला असा, की गाडीचे लोखंड जर सुईला फसवते, तर मग सुई कधी खरे सांगते व कधी खोटे, हे ओळखायचे कसे? आणि दुसरा असा, की घरी त्याचे दादाजान ज्याला मकनातीस म्हणतात, पुस्तकात ज्याला चुंबक म्हटले आहे आणि सर ज्याला मॅग्नेट म्हणतात, त्याचे खरे नाव कोणते? प्रवेशद्वाराशी उभे राहून मला या दोन्ही प्रश्नांची पुरी उत्तरे देता आली नाहीत. स्मरणिकेच्या निमित्ताने ती देण्याचा हा प्रयत्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका थोर माणसाचे चरित्र मला या निमित्ताने सांगायचे आहे. ते आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

एका दगडाची अनेक नावे

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण तो सोपा आहे आणि मजेचाही. लोखंड ओढून घेणारा एक काळा जड दगड माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. तो लोखंडाचेच एक खनिज आहे. मॅग्नेशिया या नावाचा एक प्रदेश ग्रीस देशात आहे आणि त्याच नावाचे प्राचीन शहर आजच्या तुर्कस्तानात, मनिसा येथे होते. असा दगड त्या भागात सापडे म्हणून ग्रीक लोक त्याला मॅग्नेशियाचा दगड म्हणू लागले. मॅग्नेस नावाच्या एका मेंढपाळाच्या जोड्यातील खिळे डोंगरावर चालताना दगडाला चिकटले, म्हणून हे नाव पडले, अशीही एक गोष्ट जुन्या रोमन ग्रंथात आहे. पण ती गोष्टच समजावी.

पुढे या ग्रीक शब्दाच्या दोन फांद्या झाल्या. एक लॅटिनमधून इंग्रजीत गेली आणि तिच्यातून मॅग्नेट व मॅग्नेटिझम हे शब्द आले. दुसरी फांदी अरबीत गेली. ग्रीकांचे ग्रंथ अरबी विद्वानांनी मोठ्या कष्टाने आपल्या भाषेत आणले, तेव्हा हा शब्दही त्यांच्याबरोबर आला आणि त्याचे मगनातीस झाले. तोच शब्द उर्दूत मकनातीस म्हणून आपल्या घरापर्यंत पोचला. म्हणजे दादाजानचा मकनातीस आणि सरांचा मॅग्नेट हे एकाच आईची लेकरे आहेत. फारसी भाषेत याला आहनरुबा, म्हणजे लोखंड हिरावून घेणारा, असे म्हणतात. संस्कृतात अयस्कांत, म्हणजे लोखंडाचा प्रियकर, असे गोड नाव आहे. आपल्या मराठीतला चुंबक हा शब्द चुंबन या शब्दाचा सख्खा भाऊ. जो लोखंडाला बिलगतो तो चुंबक, आणि त्याचा हा गुण म्हणजे चुंबकत्व. तेव्हा यातले खरे नाव कोणते, असे विचारण्याचे कारण नाही. सगळीच नावे खरी आहेत. ज्या ज्या लोकांनी हा दगड हाती घेतला, त्यांनी त्यात आपापल्या परीने काही पाहिले आणि ते आपल्या भाषेत जपून पुढच्या पिढीच्या हाती दिले.

नुसते लोखंड ओढण्यापेक्षा मोठा असा या दगडाचा दुसरा गुण म्हणजे दिशा दाखवणे. चीनमधील लोकांनी तो आधी ओळखला. बैलक अल-किबजाकी या लेखकाने १२८२ च्या सुमारास लिहिलेल्या अरबी ग्रंथात, सीरियाच्या किनाऱ्यावरून अलेक्झांड्रियाला जाताना खलाशी पाण्यावर तरंगणारी चुंबकीय सुई वापरताना आपण पाहिले, असे नमूद केले आहे; आणि हिंदी महासागरातले तांडेल सुईऐवजी पोकळ लोखंडी मासोळी पाण्यात सोडतात, असेही तो सांगतो. त्याच शतकाच्या अखेरीस येमेनचा सुलतान अल-अश्रफ उमर याने या यंत्राने किब्ल्याची दिशा कशी काढावी, हे लिहून ठेवले. आपल्याकडे कुतुबनुमा हा शब्द आहे. कुतुब म्हणजे ध्रुव आणि नुमा म्हणजे दाखवणारा.

पण सुई उत्तरेलाच का वळते? पुष्कळांना वाटे की ध्रुवतारा तिला ओढतो. १६०० साली इंग्लंडमधले राजवैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवले, की सुईला आकाश ओढत नसून आपली पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे. त्यांनी चुंबकीय दगडाचा छोटा गोल तयार केला, त्यावर सुई फिरवून पाहिली आणि पृथ्वीवर सुई जशी वागते तशीच ती त्या गोलावरही वागते, हे सिद्ध केले.

येथे एक अडचण आहे, आणि आपल्या चरित्रनायकांचे काम तेथूनच सुरू होते. सुई अगदी खऱ्या उत्तरेला थांबत नाही; ती थोडी बाजूला झुकते. हा फरक आपल्या चंद्रपूरकडे फार लहान आहे, पण जगात काही ठिकाणी तो दहा-वीस अंशांचाही असतो. शिवाय तो सदा सारखा राहत नाही. तो वर्षांनुसार बदलतो, आणि बारकाईने पाहिले तर सकाळ-दुपारच्या वेळांनुसारही बदलतो. नकाशा काढणारा, जहाज हाकणारा आणि किब्लानुमा बनवणारा, या सर्वांना हा फरक ठाऊक असावा लागतो. तो कळण्यास एकच मार्ग आहे. कुणीतरी एका जागी बसून, रोज, न चुकता, वर्षानुवर्षे सुईकडे पाहत राहिले पाहिजे.

कुलाब्याची वेधशाळा

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये एक वेधशाळा उभारली. ती प्रथम तारे पाहण्यासाठी व जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी होती. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होऊ लागली आणि १८४६ पासून त्यांची अखंड मालिका सुरू झाली. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर आणि गणिती केरूनाना छत्रे यांनीही सुरुवातीच्या काळात या वेधशाळेत काम केले होते. तेव्हा सर्व नोंदी डोळ्यांनी पाहून हाताने लिहाव्या लागत. दिवस असो, रात्र असो, पावसाळा असो, ठरलेल्या वेळी कंदील घेऊन सहायक यंत्राजवळ जाई व आकडा वहीत टिपून ठेवी.

१८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावर एक मोठा स्फोट झाला. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलज्ञाने १ सप्टेंबरला तो दुर्बिणीतून पाहिला. त्यानंतर एका दिवसाच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारखात्याच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. आणि मुंबईत कुलाब्याची सुई अशी ढळली, की पृथ्वीचे आडवे चुंबकीय बल थोड्या वेळात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे एकूण बलाच्या शेकडा चारच्या आसपास, खाली उतरले. वाचणाऱ्याला हा आकडा लहान वाटेल. पण एरवी दिवसभरातला चढउतार हजारात एका भागाएवढाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे वादळाचा जोर कळेल. सहायकांनी आपले काम सोडले नाही. जे दिसले ते त्यांनी वहीत उतरवले.

त्याच वर्षी, या वादळानंतर दोनच महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात नानाभाईंचा जन्म झाला. पुढे त्याच वह्या या मुलाच्या हाती यावयाच्या होत्या.

शिक्षणाची वाट

पारशी समाज संख्येने लहान. पण मुलांच्या शिक्षणाकडे त्याने त्या काळी जेवढे लक्ष दिले तेवढे फार थोड्या समाजांनी दिले असेल. नानाभाई त्या वातावरणात वाढले. त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची एल.सी.ई. ही पदवी मिळवली. इमारती व पूल बांधण्याची ही विद्या हाती असताना चांगल्या नोकरीला त्या काळी तोटा नव्हता. पण नानाभाई तेथे थांबले नाहीत. समुद्रापार स्कॉटलंडमध्ये एडिंबरो विद्यापीठात जाऊन त्यांनी विज्ञानाची बी.एस्‌सी. ही पदवी घेतली. पुढे एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्वही त्यांना मिळाले.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अभियांत्रिकीचे ते शिक्षण वाया गेले, असे मुळीच झाले नाही. पुढे आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामात त्यांना एक इमारतच उभारावी लागली, आणि तीही अशी, की जिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नव्हता. शिकलेली कोणतीही विद्या कधी कोठे उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही.

१८९६ मध्ये वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले. त्यांनी तीस वर्षे हे काम वाहिले होते. त्यांच्यानंतर नानाभाई मूस यांची संचालक म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी ते ३७ वर्षांचेही झाले नव्हते. या जागेवर कायम नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. तो काळ इंग्रजी राज्याचा. अशा शास्त्रीय संस्थांची प्रमुखपदे सहसा विलायतेहून आलेल्या साहेबांकडेच जात. तेव्हा या नेमणुकीचे मोल वेगळे सांगावयास नको.

पण मानाची जागा मिळाली ती कठीण दिवसांत. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली आणि हजारो लोक शहर सोडून जाऊ लागले. तरीही कुलाब्याच्या नोंदींची मालिका खंडित झाली नाही. १८७२ पासून तेथे छायाचित्रणाच्या कागदावर सुईची हालचाल आपोआप उमटवणारी यंत्रे बसवली होती. ती चालू ठेवणे, कागद बदलणे, मोजणे, तपासणे हे सारे चालूच राहिले. १८९८ मध्ये नानाभाईंच्याच देखरेखीखाली वेधशाळेत मिल्न पद्धतीचे भूकंपमापक यंत्र बसले आणि दूरदेशीच्या भूकंपांचीही नोंद मुंबईत होऊ लागली.

ट्राम आणि सुई

आता मोहर्लीच्या त्या जिप्सीकडे परत येऊ. लोखंड जवळ आले की सुई फसते. विजेचा प्रवाह जवळ आला तरीही ती फसते, कारण प्रवाह जेथून वाहतो त्याच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते. मुंबईत १८७४ पासून ट्राम होत्या, पण त्यांना घोडे जुंपलेले असत. घोड्यांचा सुईला काही उपद्रव नव्हता. विसावे शतक उजाडता उजाडता मात्र मुंबईच्या ट्राम विजेवर चालवण्याची योजना पुढे आली. अशा ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. त्यातील काही भाग रूळ सोडून जमिनीतूनही वाट काढतो. वेधशाळेची सुई ज्या हजाराव्या भागाचे बदल टिपत होती, ते बदल या गोंधळात पार बुडून गेले असते. मग सुईने टिपले ते पृथ्वीचे की ट्रामचे, हे कुणालाच सांगता आले नसते.

नानाभाईंपुढे त्या वेळी कोणते मार्ग होते, याचा विचार करू. ट्राम नको, असे म्हणणे शहाणपणाचे नव्हते. वाढत्या शहराला ती हवीच होती. वेधशाळा आहे तेथेच ठेवून पुढच्या नोंदी जशा येतील तशा घेत राहणे सोपे होते. पण त्या नोंदी खोट्या ठरल्या असत्या. तिसरा मार्ग म्हणजे कुलाबा बंद करून दुसरीकडे नवी सुरुवात करणे. तसे केले असते तर १८४६ पासूनची मालिका तेथेच तुटली असती. दोन ठिकाणचे चुंबकत्व तंतोतंत सारखे नसते. कुलाब्याचा शेवटचा आकडा आणि नव्या जागेचा पहिला आकडा यांत फरक पडला, तर तो जागेचा की काळाचा, हे कसे कळणार? जवळजवळ साठ वर्षे कित्येक माणसांनी रात्रीचे दिवस करून जमवलेल्या आकड्यांचा धागा हातातून सुटला असता.

नानाभाईंनी चौथा मार्ग धरला. मुंबईच्या गोंधळापासून पुरेशी दूर, पण तुलनेसाठी पुरेशी जवळ, अशी जागा निवडण्यात आली. मुंबईच्या दक्षिणेस समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर अलिबाग आहे. योगायोग असा, की अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्याचे नावही कुलाबाच. तेथे १९०४ पर्यंत नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामासाठी पोरबंदरचा दगड वापरण्यात आला, कारण त्याला चुंबकत्वाची बाधा नाही. लोखंडाऐवजी तांब्या-पितळेसारखे धातू वापरले गेले. आपल्या डोंगरातला काळा कातळ जवळ असूनही दगड समुद्रमार्गे काठेवाडातून आणावा लागला, याचे कारण हेच, की आपल्या काळ्या कातळात लोखंडाचे कण असतात आणि सुई तेवढ्यानेही बिचकते.

याहून महत्त्वाचे पाऊल पुढचे आहे. अलिबागची यंत्रे सुरू झाल्यावर नानाभाईंनी कुलाब्याची यंत्रे लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. एकाच दिवसाचे, एकाच तासाचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून दोन जागांमधला फरक नेमका किती, हे काढण्यात आले. तो फरक हाती आल्यावरच कुलाब्याच्या चुंबकसूचीने आपले काम थांबवले. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा सुई सुरक्षित ठिकाणी पोचलेली होती आणि साठ वर्षांचा धागा न तुटता तिच्याबरोबर गेला होता.

आकड्यांतून अर्थ

आकडे जमवणे हे अर्धे काम. त्यांचा अर्थ लावणे हे उरलेले अर्धे. नानाभाईंनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या सर्व नोंदी तपासल्या, त्यांची कोष्टके केली व त्यांवर आपले विवेचन लिहिले. हा दोन भागांचा भला मोठा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी आजच्यासारखी गणकयंत्रे नव्हती, संगणकाचे तर नावही कुणी ऐकले नव्हते. लाखो आकड्यांच्या बेरजा आणि सरासऱ्या माणसांनी बसून हाताने केल्या.

या ग्रंथातून एक मोठी गोष्ट पुढे आली. चुंबकीय वादळ वरवर पाहता अगदी बेशिस्त दिसते. सुई कशीही नाचते. पण नानाभाईंनी अनेक वादळे घेतली, प्रत्येकाच्या आरंभापासून तास मोजले आणि त्यांची सरासरी काढली. तेव्हा त्या गोंधळाखाली दडलेली शिस्त दिसू लागली. आधी आडवे बल किंचित वाढते, मग काही तासांत ते पुष्कळ खाली येते आणि त्यानंतर कित्येक दिवसांत हळूहळू पूर्वस्थितीला येते. पुढे सिडनी चॅपमन या नामांकित इंग्रज शास्त्रज्ञाने चुंबकीय वादळांचा जो अभ्यास केला, त्याला मुंबईच्या या कामाचा आधार होता. वादळाच्या वेळी पृथ्वीभोवती खूप उंचावर विद्युत्‌भारित कणांचे एक कडे फिरू लागते आणि त्यामुळे बल खाली उतरते, हे आज शास्त्राला ठाऊक आहे. नानाभाईंच्या वेळी ते कुणी सांगितले नव्हते. पण त्याची खूण त्यांच्या कोष्टकांत उमटली होती.

१९१९ मध्ये, २३ वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. ना त्यांच्या नावाचा जयघोष झाला, ना चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभे राहिले. त्यांचे खरे स्मारक अलिबागला आहे. ते आजही काम करते.

पुढे काय झाले

१९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणे स्थापन झाली आणि अलिबागची वेधशाळा तिच्याकडे आली. संस्थेचे मुख्य ठिकाण आज नवीन पनवेल येथे आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या इतक्या लांब व अखंड नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. कुलाबा-अलिबाग हे त्यांतले एक.

या जुन्या आकड्यांचा आज काय उपयोग, असे कुणी विचारील. १३ मार्च १९८९ रोजी आलेल्या चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज बंद पाडली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. विजेच्या लांब वाहिन्या, उपग्रह, विमानांचा संदेशव्यवहार या सर्वांना अशा वादळाचा धोका असतो. तेव्हा सर्वांत मोठे वादळ किती मोठे असू शकते, हे जाणणे निकडीचे झाले. त्यासाठी १८५९ चे वादळ मोजलेले हवे होते. २००३ मध्ये आपल्या भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदी अभ्यासून जगापुढे मांडल्या. युरोपातल्या कित्येक ठिकाणी त्या दिवशी रेषा कागदाबाहेर निघून गेली होती. मुंबईत मात्र आकडे वहीत शाबूत होते. कंदिलाच्या उजेडात लिहिलेले ते आकडे १४४ वर्षांनी कामाला आले.

आपल्यासाठी

पालकहो, आता तुमच्याशी दोन शब्द. नानाभाई मूस आपल्या समाजाचे नव्हते, आपल्या जिल्ह्याचेही नव्हते. तरी त्यांचे चरित्र या स्मरणिकेसाठी मी मुद्दाम निवडले, त्याला कारण आहे.

मुलाचे शिक्षण ही सुद्धा एक अखंड मालिका असते. मोहर्लीसारख्या जंगलाकाठच्या गावातून पुढे शिकायचे तर भद्रावती किंवा चंद्रपूर गाठावे लागते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला पुढे मराठी वा इंग्रजी माध्यम धरावे लागते. हंगामात हात कमी पडले की मुलगा काही दिवस शाळेत जात नाही. मोठी बहीण धाकट्यांना सांभाळायला घरी राहते. आपण म्हणतो, एक वर्ष थांबले तर काय बिघडले, पुढच्या वर्षी बघू. पुष्कळदा ते पुढचे वर्ष येतच नाही. ज्या मुली सातवी-दहावीनंतर घरी बसल्या, त्यांच्यापैकी कितीजणी परत शाळेत आल्या, हे आपण सारे जाणतो. धागा तुटला की मागे शिकलेल्याचाही उपयोग उणावतो.

बदल टाळता येत नाहीत. मुंबईला ट्राम हवीच होती, तसे आपल्यालाही गाव, शाळा आणि भाषा बदलाव्या लागतात. प्रश्न एवढाच, की बदल कसा करावा. जुने चालू असतानाच नवे सुरू करावे, दोन्ही काही काळ शेजारी ठेवावेत आणि मगच जुन्याचा निरोप घ्यावा, हे नानाभाईंनी दाखवले. मुलाला दुसऱ्या माध्यमात घालायचे असेल तर वर्षभर आधीपासून त्या भाषेचा सराव घरी सुरू करावा. मुलीला शहरात पाठवायचे असेल तर वसतिगृहाची, शिष्यवृत्तीची चौकशी निकाल लागण्याआधीच करावी. आणि नव्या भाषेपायी घरची भाषाही टाकून देऊ नये. मकनातीस म्हणणाऱ्या मुलाने चुंबक व मॅग्नेट शिकावे, पण मकनातीस विसरू नये. कारण त्या एका शब्दामागे त्याच्या पूर्वजांनी भाषा ओलांडून आणलेल्या विद्येचा इतिहास आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे. सुई खरे केव्हा सांगते? तिच्याभोवतीचे लोखंड दूर केले म्हणजे, आणि तिच्याकडे रोज, धीराने, लबाडी न करता पाहिले म्हणजे. दिसले तेच वहीत लिहिणे आणि उद्याही त्याच वेळी परत येऊन लिहिणे, यालाच विज्ञान म्हणतात. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. एक वही, एक होकायंत्र आणि नियम एवढ्यावर सुरुवात होते.

सहलीहून परतताना तो मुलगा बसमध्ये माझ्या शेजारी बसला होता. रोज सकाळी शाळेच्या मैदानात, गाड्यांपासून दूर, एका ठरलेल्या दगडावर होकायंत्र ठेवून सुई पाहायची व लिहून ठेवायची, असे त्याने मनाशी ठरवले होते. एवढ्याशा होकायंत्रात रोजचा तो सूक्ष्म फरक दिसणार नाही, हे मला ठाऊक होते. ते मी त्याला सांगितलेही. तरीही त्याने वही केली आहे. पहिल्या पानावर त्याने तीन नावे लिहिली आहेत : मकनातीस, चुंबक, मॅग्नेट. त्याखाली तारखा आहेत, आणि हे लिहीपर्यंत त्यांत एकही दिवस सुटलेला नाही.